दिव्यावरचं बाळ

आजही ती घटना आठवली की मला एकट्यालाच हसू येतं. मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शिक्षण सातवी, पण जबाब घ्यावा तर मीच, हे साहेब लोकही मानायचे. निवृत्तीनंतर मुलाकडे कुवेतला, रिग्गईत राहायला आलो, तेव्हाची ही केस.

खबर खालच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरनं दिली. दापोलीकडचा नमाजी माणूस. "चाचा, अरबाबचा रोमन दिवा गायब झालाय. शक माझ्यावर. उद्या मखफरला नेणार." अरबाब म्हणजे मालक, मखफर म्हणजे इथलं पोलीस ठाणं. तिथं नाव चढलं की नोकरी संपली, अकामाही, म्हणजे इथं राहण्याचा परवानाही गेला.

मी आधी त्यालाच तपासलं. एकच प्रश्न तीन वेळा विचारला. तिसऱ्यांदा तो भडकला, "चाचा, तुम्ही माझ्या बाजूचे की त्याच्या?" खोटारडा भडकत नाही, गोड बोलतो. मी त्याला संशयातून बाजूला काढला.

मग त्यालाच घेऊन जाब्रियाला अरबाबच्या घरी गेलो.

"तू पुलीस? बुड्ढा पुलीस?"

"बुड्ढा है, लेकिन पुलीस है."

घटनास्थळ पाहिलं. अरबाबच्या जुन्या वस्तूंसाठी छतापर्यंत नवं कपाट बनवलेलं. काम चालू असताना वस्तू खाली गालिच्यावर मांडल्या होत्या. सुतार मालवणकडचा. काम उरकून त्याच संध्याकाळी विमानानं गावी गेलेला, फोन बंद.

अरबाबनं मोबाईलवर फोटो दाखवला. तळहाताएवढा मातीचा दिवा, त्यावर उघडंनागडं बाळ, दोन्ही मुठींत एकेक साप आवळलेला.

"हर्क्युलीस," अरबाब म्हणाला. एका देवीनं म्हणे जळून पाळण्यात साप सोडले, ते या बाळानं चिरडले.

मला मात्र तिथं बाळकृष्ण दिसला, कालियाला धरलेला. मग सुताराला काय दिसलं असेल? देव, आणि तोही लोकांच्या पायांत!

"शिडी आण."

"चाचा, तुम्ही चढू नका!"

"गप. पंच म्हणून खाली उभा राहा."

कपाटाच्या माथ्यावर, नक्षीच्या पट्टीमागे, धुतलेल्या रुमालाच्या घडीवर दिवा! पूर्वेकडे तोंड, पुढ्यात मोगऱ्याचं सुकलेलं फूल.

अरबाब पोट धरून हसला. मग ड्रायव्हरच्या कपाळाचं चुंबन घेतलं. इथली माफी मागायची ती रीत. ड्रायव्हर रडत होता की हसत, कळेना.

दोन दिवसांनी सुताराचा फोन लागला. "मगे देवाक काय पायांत ठेवू? घाईत सांगूक इसरलंय!"

नोकरीभर मी झडतीत माणसांचे खिसे उलटे केले, पलंगाखालच्या पेट्या ओढल्या. वर बघायला मला त्या सुतारानं शिकवलं.