अण्णांनी पुढं केलेला नारळ

इचलकरंजीत मी ज्या शेडमधी माग चालवायचो तिथली गोष्ट. त्या साली बाहेरनं आलेले विणकर गणपतीला म्हणून घरला गेले ते परत आलेच न्हाईत. निम्मे माग बंद. उरलो दोघंच, मी आणि नेसरीकडचे एक काका.

मग काय, आमचा भाव वाढला की. आधी जरा उशीर झाला तर अण्णा, म्हणजे आमचे मालक, दारातनंच माघारी लावायचे. आता तेच चहा घिऊन मागापाशी यायचे. काका मुद्दाम म्हणायचे, "अण्णा, साखर कमी पडली की ओ." अण्णा मुकाट्यानं साखर आणायला जायचे, आणि मी फिदीफिदी हसायचो. आठवलं की अजून कान गरम हुत्यात.

तेवढ्यात शेजारच्या शेडवाल्यानं आम्हां दोघांस्नी बोलावलं. पगार जादा. आम्ही व्हय म्हणून बसलो.

पण आमच्या शेडची एक रीत होती. खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपल्या मागापुढं नारळ फोडायचा, आणि एकदा फोडला की पुढच्या खंडेनवमीपतोर तो माग सोडायचा न्हाई. म्हणून नारळाच्या आधीच अण्णांना सांगायचं ठरलं. सांगणार मी, कारण माझं तोंड लई चालतंय.

गेलो तर अण्णांनी बंद मागांस्नी बी झेंडूच्या माळा घातलेल्या. एकट्यानं. पांढरा सदरा कोपरापतोर काळा झालेला. त्यांनी काकांपुढं नारळ धरला. काकांनी हात मागं घेतले. "ह्या पोराला काय तरी सांगायचंय बघा."

अण्णा माझ्याकडं वळले. "काय रं?"

मी जवळच्या मागावरची माळ सरळ करायला लागलो. मग त्यांनी नारळ माझ्यापुढं धरला, दोन्ही हातांनी. देवाला देताना धरत्यात तसा. मला बघवंना. हे कसं तरी थांबावं म्हणून घेतला आणि फोडला.

काका कानाशी म्हणाले, "नांद आता." दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या शेडमधी.

त्यानंतर शेडमधी कोण बी पावणं आलं की अण्णा माझ्याकडं बोट दाखवून सांगायचे, "समदी गेली, ह्यो तेवढा इमानी गडी." पावणं पाठीवर थाप मारायचं. मी लगेच मागात डोकं घालून तुटलेला धागा शोधायला लागायचो. धागा तुटलेला नसायचा.