मेजरने मान हलवली

येरवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुमजली घर आहे, त्यात खालच्या मजल्यावर नागोराव राहतात. मूळचे परभणीकडचे. तरुणपणी पुण्यात आले ते भोसरीतल्या एका खेळण्यांच्या कारखान्यात लागले आणि उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तिथे एकच काम केलं. मेजर तडाखाच्या उजव्या खांद्यात स्प्रिंग बसवायची.

मेजर तडाखा ज्यांना आठवतो ते आता चाळिशीच्या पुढे असतील. वीतभर उंचीचा प्लॅस्टिकचा सैनिक, खाकी कपडे, लाल पट्टा, झुपकेदार मिशा. पाठीवरचं बटण दाबलं की उजवा हात सपकन खाली यायचा. एवढंच. पण तेवढ्यासाठी पोरं आईबापांचा जीव खायची. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या रांगेत खाकीतला मेजर उभा केलेला मी स्वतः पाहिला आहे, आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटायचं नाही.

पुढे बाहेरची स्वस्त खेळणी आली, मग मोबाइल आले. कारखाना बंद पडला. नागोरावांनी सोसायट्यांच्या गेटवर वॉचमनकी केली. मुलगा माऊली शिकला, हिंजवडीत एका मोठ्या इमारतीचे एसी आणि लिफ्ट सांभाळणाऱ्यांचा सुपरवायझर झाला. त्याने वडिलांना सांगितलं, "बाबा, आता बास. घरी बसा."

घरी बसणं नागोरावांना जमेना. अशातच त्यांच्या कानावर आलं की मेजर तडाखाचं नाव एका नव्या कंपनीने विकत घेतलंय आणि मेजर पुन्हा बाजारात आलाय. गोडाऊनमध्ये काही काम मिळेल का, हे विचारायला ते गेले. तिथे तनुजा भेटली. तिशीतली, मेजरची सगळी जाहिरात तिच्याकडे. ती म्हणाली, "काका, गोडाऊनमध्ये जागा नाही. पण जरा सरळ उभे राहा बघू." त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून तिने विचारलं, "गरम सहन होतं का तुम्हाला?"

फोमचा सगळा पोशाख होता. खाकी अंग, लाल पट्टा, घागरीपेक्षा मोठं डोकं. मिशांखाली जाळी होती, तिच्यातून बाहेर दिसायचं. डोक्यात एक छोटा पंखा होता, तो मनात आलं तर फिरायचा. शनिवारी-रविवारी मॉलमध्ये हा पोशाख घालून हिंडायचं, लोकांबरोबर फोटो काढू द्यायचे. एकच नियम होता, तोंडातून शब्द काढायचा नाही.

नागोराव हो म्हणाले. मेजर कसा उभा राहतो हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. घरी मात्र त्यांनी सांगितलं, "खेळण्यांच्या कंपनीत लागलो. गोडाऊनला सुपरवायझर, शनिवार-रविवार." सुपरवायझर हा शब्द कसा तोंडातून गेला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. माऊलीचा शब्द होता तो. माऊली आधी कुरकुरला, मग कामावर चार लोकांना सांगूनही आला की आमचे बाबा या वयात सुपरवायझर आहेत.

तनुजाचं डोकं चांगलं चालायचं. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काका, लहान मुलांच्या मागे लागू नका. ती घाबरतात. आधी बाबांना पकडा. बाबा हसला की पोर येतंच." आणि तसंच व्हायचं. टक्कल पडायला लागलेले, लॅपटॉपची पिशवी लटकवलेले बाप मेजरला बघून जागच्या जागी थांबायचे. "अरे! हा माझ्याकडे होता!" म्हणत पोराला ओढत आणायचे. पाठीमागे बटण शोधायचे आणि पाठीत गुद्दा घालायचे. नागोराव उजवा हात सपकन खाली आणायचे. मग बाप आणि पोर दोघंही पुन्हा पुन्हा गुद्दे घालायचे. नागोराव संध्याकाळी घरी आले की त्यांच्या पत्नी सुशीलाबाई पाठीला तेल लावायच्या. बाईंना वाटायचं, खोकी उचलून पाठ धरली असेल.

एका रविवारी मॉलमध्ये खेळण्यांच्या दुकानासमोर कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस होता. आठ-नऊ वर्षांची दहा-बारा मुलं. मुलाचे वडील एजाज, त्यांचं कसब्यात चष्म्याचं दुकान. मेजरला बघून ते स्वतःच लहान झाले. मुलगा उजैर लाजत होता आणि हेच पुढे पुढे करत होते. मुलं जमली, गुद्दे सुरू झाले. गर्दीत एका मुलीचा पाय मेजरच्या फोमच्या बुटात अडकला. ती पडणार तेवढ्यात नागोरावांनी तिचा दंड धरला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हळू गं, पडशील ना माय!"

मुलीने वर पाहिलं. ती सृष्टी होती. त्यांची नात.

ती मैत्रिणीच्या आईबरोबर वर्गातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला जाणार हे त्यांना सकाळीच कळलं होतं. कुठे जाणार, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

"आबा!" सृष्टी ओरडली. तिचा चेहरा फुलला होता. ती मुलांकडे वळली. "हे माझे आबा आहेत! मेजर माझे आबा आहेत!"

सगळे थांबले. एजाज हसत पुढे आले. "काय मेजरसाहेब, खरंच का हो? हिचे आजोबा तुम्ही?"

जाळीतून नागोरावांना मैत्रिणीची आई दिसत होती. तिचा नवरा माऊलीच्याच ऑफिसात होता. मोबाइल वर धरलेले लोक दिसत होते. सृष्टीचं वर केलेलं तोंड दिसत होतं. आणि मेजरने मान हलवली. ते एवढं मोठं डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. नाही.

मुलं खो खो हसली. तनुजाने वेळ मारून नेली, "अहो, मेजरचं लग्नच झालं नाही, नात कुठून येणार?" मोठी माणसंही हसली. सृष्टी मात्र तिथेच उभी राहिली. दुसऱ्यांदा तिने हाक मारली नाही.

"पोशाखाच्या आत घाम तर नेहमीचाच," नागोराव मला एकदा म्हणाले, "पण त्या दिवशी कान जळत होते. डोकं काढून फेकावं वाटत होतं, आणि ते डोकं आहे म्हणून बरंही वाटत होतं."

संध्याकाळी घरी जायला त्यांचे पाय वळेनात. पोरीने सगळं सांगितलं असणार, माऊली वाट बघत बसला असणार. ते दारात उभे राहिले तर सृष्टी टीव्ही बघत होती. तिने उठून त्यांना पाण्याचा तांब्या दिला, रोज द्यायची तसा. त्यांच्याकडे बघितलं नाही. जेवताना माऊलीने विचारलं, "काय गं, वाढदिवसाला काय मजा केली?"

"छान झाला. मेजर तडाखा आला होता."

"अरे वा! खराखुरा?"

"नाही," सृष्टी भात कालवत म्हणाली, "आत एक माणूस होता."

तिने नागोरावांना सांभाळून घेतलं होतं, आणि त्यांनी तिला ते करू दिलं.

पुढच्या आठवड्यात सृष्टी शाळेत जायला कां-कूं करू लागली. पोट दुखतंय, डोकं दुखतंय. शेवटी सुशीलाबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की वर्गात तिला 'मेजरची नात' म्हणून चिडवतात. रस्त्यात वॉचमन दिसला की म्हणतात, हा पण तुझा आबा का? बस कंडक्टर दिसला की म्हणतात, हा पण? उजैर तर तिला सरळ थापाडी म्हणतो.

माऊली कामावरून थकून आला होता. त्याने हे ऐकलं आणि तो सृष्टीवरच भडकला. "कशाला खोटं बोलायचं पण? मोठेपणा मिरवायला? आबांचं नाव कशाला मधे आणलंस? माफी माग त्यांची!"

सृष्टीने आबांकडे बघितलं. पहिल्यांदाच, त्या रविवारनंतर. नागोराव खाटेवर तसेच बसून राहिले. सृष्टी हळूच म्हणाली, "सॉरी आबा," आणि आत गेली.

हे सांगताना नागोराव माझ्याकडे न बघता गल्लीकडे बघत होते. "पहिल्यांदा मान हलवली ती घाबरून. ते एक समजून घेता येतं. पण पोरगी माझ्या गुन्ह्याची माफी माझ्याकडेच मागते, आणि मी ती घेतो? ते कशात बसवायचं?"

त्या संध्याकाळी मात्र ते खाटेवरून उठले. आत सृष्टीलाही ऐकू जावं म्हणून आतल्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाले, "माऊली, ती खरं बोलली. त्या सोंगाच्या आत मीच होतो. आठवड्यातले दोन दिवस मीच असतो. गोडाऊन, सुपरवायझर, सगळं खोटं. पोरीने हाक मारली आणि मी नाही म्हणालो."

सुशीलाबाईंच्या हातातलं काम थांबलं. माऊली म्हणाला, "माझ्या ऑफिसातल्यांनी फोटो काढलेत तुमच्याबरोबर. मला दाखवलेत. मी हसलो होतो ते बघून." आणि तो चपला घालून बाहेर निघून गेला. पोशाख घातल्याचा राग आला की खोटं बोलल्याचा, हे तो तेव्हा बोलला नाही आणि नंतरही नाही.

सृष्टी उशीत तोंड घालून पडली होती. ती नुसती म्हणाली, "मला माहीतच होतं ना."

दुसऱ्या दिवशी नागोराव कसब्यात गेले. एजाजचं दुकान शोधायला त्यांना चार ठिकाणी विचारावं लागलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत ते पायरीवर थांबले. मग आत जाऊन म्हणाले, "त्या दिवशीचा मेजर मी. ती मुलगी माझी नात आहे. मी चारचौघांत तिला खोटं पाडलं."

एजाज खुर्चीवरून उठलेच. "अहो, असं काय? बसा आधी. चूक माझी, मी गंमत म्हणून विचारलं. लक्षातच आलं नाही की आतल्या माणसाची अडचण होईल." दुकानाच्या वरच घर होतं. त्यांनी हाक मारून उजैरला खाली बोलावलं.

नागोरावांनी त्या पोरापुढे तेच पुन्हा सांगितलं. उजैर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला हा बारीक, पिकल्या मिशांचा म्हातारा मेजर वाटत नसावा. त्याने विचारलं, "मग तुम्ही नाही का म्हणालात?"

"लाज वाटली रे."

"सृष्टीची?"

"नाही. माझी. माझ्या कामाची."

उजैरला ते पटलं नाही. "पण नाही तर तुम्ही तिला म्हणालात."

एजाज त्याला गप्प करू लागले. नागोराव म्हणाले, "बोलू द्या. बरोबर बोलतोय तो." एजाजनी मागवलेला चहा त्यांनी कसाबसा घेतला. निघताना उजैर म्हणाला की तो वर्गात सांगेल. सॉरी वगैरे काही म्हणाला नाही, पण सांगेल.

शनिवारी त्यांनी तनुजाला सगळं सांगितलं. काम गेलं तर गेलं, असं मनाशी धरूनच. तनुजाचे डोळे चमकले. "काका, तुम्ही कारखान्यात मेजर बनवायचात? आणि आता तुम्हीच मेजर? आणि नात? हे आधी का नाही सांगितलं! तीन पिढ्या! आपण व्हिडिओ करू. तुम्ही डोकं काढता, नात धावत येऊन मिठी मारते. पब्लिक रडेल. मेजरला आणखी तीस वर्षं मरण नाही बघा!"

वाईट मुलगी नव्हती ती. तिला खरंच भरून आलं होतं, आणि त्याच वेळी कॅमेरा कुठे लावायचा हेही दिसत होतं. नागोरावांना मोह झाला, हे ते लपवत नाहीत. माऊलीच्या ऑफिसात तो व्हिडिओ दिसला असता. शाळेत दिसला असता. एका फटक्यात सगळं धुऊन निघालं असतं.

घरी येऊन त्यांनी सृष्टीला विचारलं. ती वहीला कव्हर घालत होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कॅमेऱ्यासमोर तू हो म्हणणार?"

नागोरावांनी तनुजाला फोन लावला आणि नको म्हणून सांगितलं.

व्हिडिओ झाला नाही. तनुजा थोडी नाराज झाली, पण तिने काम काढून घेतलं नाही. नागोराव अजून शनिवारी-रविवारी पोशाख घालतात. घरी आता ते सगळ्यांना माहीत आहे. माऊली त्या विषयावर बोलत नाही, पण पाठीला शेकायची पिशवी त्यानेच आणून दिली.

सृष्टी व्हॅनने जायची, ते नागोरावांनी बंद केलं. आता रोज सकाळी तेच तिला बसने शाळेत सोडतात. उजैरने कबूल केल्याप्रमाणे सांगितलं होतं, त्यामुळे पहिले काही दिवस शाळेच्या फाटकाशी पोरांचा घोळका व्हायचा. "आजोबा, तुम्ही मेजर आहात?" "हो." "आणि तुम्ही सृष्टीचेच आबा?" "हो." पाठीमागे मुलांना सोडायला आलेले आईबाप ऐकत असायचे, काही हसायचेही. प्रत्येक वेळी कानापर्यंत रक्त चढतं, ते म्हणतात. सवय होत नाही.

सुरुवातीला सृष्टी त्यांचा हात सोडून, मागे न बघता आत पळून जायची. परवा मी कामाला त्याच रस्त्याने जात होतो. एक बारका पोरगा नागोरावांना विचारत होता आणि ते वाकून उत्तर देत होते. सृष्टी दप्तर पाठीवर घेऊन शेजारी उभी होती. घंटा झाली होती, तरी त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत ती थांबली. मग आत गेली.