फुलपात्राची कड

रक्त, थुंकी, केस यांवरून माणूस शोधणं हे माझं प्रयोगशाळेतलं काम. पुरावा कधी खोटं बोलत नाही, असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर पुरावा मुका असतो. त्याला प्रश्न नीट विचारावा लागतो, आणि तो मला विचारता येतो.

सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटमध्ये भरदुपारी कुणीतरी निवृत्त मास्तरांच्या तोंडावर उशी दाबली. दिवसा घरात धाकटी सूनच असायची, सासऱ्यांशी तिचे खटके उडायचे, म्हणून तिला अटक झाली. ‘मी भाजी आणायला गेले होते’ हे तिचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही. सोसायटीने तर निकालच देऊन टाकला.

तपास अधिकारी मास्तरांच्या उशाचं स्टीलचं फुलपात्र घेऊन आले. म्हणाले, “मॅडम, यावर सुनेचे ठसे आहेत.”

“अहो, रोज पाणी भरून ठेवते ती. तिचे नाही तर काय नगरसेवकांचे असणार?”

मी फुलपात्राची कड तपासली, तर तिच्यावर लाळ! जबाबांत सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: मास्तर उष्ट्याच्या बाबतीत कडक, घरात सगळे पाणी वरून पितात. माझं सासरही तसलंच. भांड्याला ओठ लागला तर मी अजून बोलणी खाते. मग इथे ओठ लावले कुणी? भांडी घासणाऱ्या बाईंनी तर ते त्याच दुपारी, खुनाच्या थोडं आधीच घासलं होतं; मग सुनेने ते भरून उशाशी ठेवलं होतं.

मी मास्तरांच्या दोन्ही मुलांचे नमुने मागवले. लाळ थोरल्याची निघाली. मास्तरांच्या नखांखालची कातडीही त्याचीच. ‘आदल्या दिवशी अंघोळ घालताना ओरखडा उठला, त्या दुपारी मी फिरकलोच नाही,’ असं तो सांगत होता. पण त्याच दुपारी घासलेल्या फुलपात्रावर त्याची लाळ होती. हिंजवडीला वेगळं राहून बाटलीला तोंड लावायची सवय जडली होती. बापाला मारलं, घशाला कोरड पडली आणि घरची शिस्त विसरला. भांडण जागेचं होतं.

सून सुटली. पुढे खटल्यात साक्ष देऊन मी बाहेर आले, तेव्हा ती बाकावर बसली होती. मी माझी बाटली पुढे केली. तिने ती उंच धरली. निम्मं पाणी ओढणीवर सांडलं.

“अगं, लाव तोंड. मला चालतं.”

“नको,” ती म्हणाली. “बाबांना चालायचं नाही.”

या मुलीला आम्ही कोठडीत ठेवलं होतं.