पंचेचाळीस मैलांवरची थरथर

शहाद्याजवळ तापीकाठच्या एका गावात मी केळीच्या बागायतदाराची मोटार चालवायचो. वडील त्याच घरी वर्षाच्या बोलीवर सालदार होते. गोठ्यामागची आमची खोली मालकांची, आणि माझं लायसन्सही त्यांच्याच शब्दावर निघालेलं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. कोर्टाच्या कामासाठी मालकांना दर पंधरवड्याला धुळ्याला न्यायचो. शिरपूरपर्यंत गाडी ठीक चालायची. पुढे आग्रा रोडला वेगाचा काटा पंचेचाळीस मैलांवर गेला की स्टिअरिंग थरथरायला लागायचं. दाबून धरलं तर थरथर कोपरापर्यंत चढायची. पंचावन्नच्या वर ती कमी व्हायची, पण एवढी गाडी पळवलेली मालकांना खपत नसे.

मागच्या सीटवर त्यांना काही जाणवत नव्हतं. माझे हात मात्र दिसत होते.

"तुन्हा हात थरथरी ऱ्हायनात," ते एकदा म्हणाले. "पी उना का?"

"नही मालक, मी पेत नही. गाडीमा काहीतरी शे."

घरी पोचल्यावर त्यांनी ओसरीवर सगळ्यांदेखत माझं तोंड हुंगलं. शेजारी वडील उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

दारूबंदीचे दिवस होते. पिणारा ड्रायव्हर म्हणून नाव झालं तर दुसरीकडे कोणी दारात उभं केलं नसतं. नोकरी सोडली तर खोली जाणार, वडिलांचं सालही जाणार. बायकोला सातवा महिना होता. पुढच्या धुळ्याच्या फेरीआधी मला दोष शोधायलाच हवा होता.

चाकांची हवा पाहिली, नट आवळले, बेअरिंग हलवून पाहिलं, स्टिअरिंगचे खालचे दांडे ओढून पाहिले. कुठेच खुळखुळ नव्हती. मग पुढचं एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं. उजवं चाक कुठेही थांबायचं. डावं मात्र दर वेळी एकाच जागी थांबायचं. मी तिथे खडूची रेघ मारली. पाच वेळा फिरवलं, पाचही वेळा रेघ खालीच आली. चाकाची तेवढी बाजू जड होती.

मी ते चाक मालक बसत त्या बाजूला मागे टाकलं आणि मागचं पुढे आणलं. त्यांना सांगितलं नाही. सांगून त्यांनी ऐकलं नसतं.

त्या खेपेला आग्रा रोडवर स्टिअरिंग शांत राहिलं. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "सीट का बरं कापी ऱ्हायनी?"

"थरथरनारं चाक कालपावत पुढे व्हतं, मालक. आज तुमना खाले शे."

धुळ्यात त्यांच्यासमोर टायर काढला. आत मोठं रबरी ठिगळ चिकटवलेलं होतं, वीतभर तरी लांब.

"हाई कोनी लायं?"

मला माहीत होतं. होळीनंतर मालकांचे जावई गाडी घेऊन खापर गावाला गेले होते, आणि परत आले तेव्हा तेवढं एकच चाक नुकतं धुतलेलं मी पाहिलं होतं. जावयाचं नाव सालदाराच्या पोराने कसं घ्यावं? मी पान्हे गोळा करायला लागलो. माझ्याखेरीज गाडी जावईच नेत, तेव्हा मालकांना कळलं होतं, असं मला आजही वाटतं.

"नवा टायर टाक," एवढंच ते बोलले.

थरथर त्याच दिवशी गेली. पण माझ्या पिण्याची गोष्ट तोवर घरातून विहिरीवर आणि विहिरीवरून गावभर गेली होती. ती खोटी होती हे मालकांनी कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तर जावयाचं सांगावं लागलं असतं. आखाजीच्या सणाला जावई आले, माझ्याकडे हात पुढे करून म्हणाले, "चावी दे."

मी दिली. त्या घरची गाडी मी पुढे अकरा वर्षं चालवली.