आधी पोट, मग शेटजी

वडा पुढे केला की तो बशीवर पालथा हात ठेवायचा आणि म्हणायचा, "नको रे. शेटजीला उपाशी मारायचंय." मग त्या वड्याकडे बघत बसायचा, तो थंड होईपर्यंत.

हा शेटजी कोण, ते आधी सांगायला हवं. परळच्या एका गिरणीत आम्ही दोघं टाइम ऑफिसात कारकून. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते आणि लालबागला आमच्या चाळीचं एक कलापथक होतं. आमच्या वगात मुंबई गिळायला निघालेला एक शेटजी होता. ते काम याचं. तुमच्याही चाळीत असा एखादा असेल, आठवून बघा. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण चादरीचा पडदा सरकला की मैदान त्याचं.

पडद्याआडून आधी नुसतं पोट बाहेर यायचं. बराच वेळ तेवढंच. लोक शिव्या घालायचे, शेंगांची टरफलं फेकायचे, म्हाताऱ्या बोटं मोडायच्या. मग मागून तो यायचा आणि शांतपणे विचारायचा, "मुंबई कुठाय? मी जेवायला बसलोय." शिव्या खाऊन घरी निघाला की त्याचा चेहरा नवरदेवासारखा दिसायचा. ऑफिसात त्याला नावाने हाक मारणारेही थोडेच होते. बाहेर मात्र अख्खं लालबाग त्याला ओळखायचं.

पंचेचाळिशीत एकदा गिरणीचा जिना चढताना तो मधल्याच पायरीवर बसला आणि उठेना. डॉक्टरने रक्तदाब पाहिला, वजन केलं आणि म्हणाला, "पोट ठेवायचं की स्वतःला, ते ठरवा." याचे वडील याच वयात असेच जिन्यात गेले होते. घरात दोन मुली, दोन्ही शाळेत. बायकोने दुसऱ्या दिवशी डब्यात भाताऐवजी उकडलेला दुधी दिला.

मग सुरू झालं. पहाटे भोंग्याच्या आधी धोतर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून तो लालबागहून नायगावपर्यंत चालत जायचा आणि भोईवाड्यातून परत यायचा. मग गॅलरीत सूर्यनमस्कार. सुरुवातीला जमिनीला कपाळाआधी पोट टेकायचं. वाटेत कुणीतरी हटकायचंच, "काय शेटजी, मोर्चा कुठे?"

"पोटाला हद्दपार करायला."

घरात बांगड्याचं तिखलं शिजत असलं की तो खाली येऊन रस्त्यावर उभा राहायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "वास नाकात गेला तर चालतो. मन त्याच्यामागून जातं, त्याचं काय करू?"

वर्षभरात तो निम्मा झाला. सदरा खांद्यावरून घसरायला लागला. मी विचारलं, "कसं वाटतं आता?"

"काही वाटत नाही रे. डॉक्टर म्हणतो, यालाच बरं वाटणं म्हणतात."

पुढच्या प्रयोगाला बायकोने नाड्या लावून उशी शिवून दिली. पडद्याआडून पोट आलं. टरफलं पडली, सगळं नेहमीसारखं. मग तो मागून आला आणि मुंबई मागायच्या आतच उशी मांडीवर उतरली. लोक हसले. शिवी एकानेही दिली नाही. आजवर त्याच्यावर लोक चिडायचे, त्याला कुणी हसलं नव्हतं. त्याने सगळी वाक्यं नीट म्हटली, आत आला, नाड्या सोडल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा अंगाने चांगला भरलेला होतो.

"तुझं घरचं आहे," तो म्हणाला. "तूच कर."

त्यानेच मला शिकवलं. "पोट आधी सोड, मेल्या. आपण मागनं यायचं. घाई नको, लोकांना चीड यायला वेळ लागतो." माझ्या पहिल्या प्रयोगाला तो पुढेच बसला होता. पहिलं टरफल त्यानेच फेकलं. पण त्याच्या तोंडावर राग नव्हता, हसू नव्हतं, काहीच नव्हतं.

पुढे महाराष्ट्र मिळाला. पथक मोडलं. मला मात्र शेटजी हे नाव चिकटलं ते चिकटलंच. डॉक्टरचं म्हणणं खरं ठरलं. तो जगला. दोन्ही मुलींची लग्नं केली, नातवंडं पाहिली, रोज सकाळी नायगावपर्यंत जाऊन येत राहिला. आता वाटेत त्याला कुणी हटकत नसे. एकदा मी सोबत होतो, तर समोरून येणाऱ्याने मलाच रामराम केला. हा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. आता त्याला सहज वाकता यायचं.

तो गेला तेव्हा बराच म्हातारा झाला होता. झोपेतच गेला. मला रडू आलं नाही. वाईट वाटायची वाट बघत मी गॅलरीत उभा राहिलो, पण ते काही आलं नाही. तिरडी उचलायला चौघं लागतात म्हणून लागले, एवढा तो हलका झाला होता.

कोपऱ्यावरच्या पानवाल्याने मला थांबवून विचारलं, "कोण गेलं हो?"

मी नाव सांगितलं. त्याला कळेना. मग म्हणालो, "चळवळीत वगात शेटजीचं काम करायचे ना, ते."

त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं. "काय चेष्टा करताय. शेटजी तर तुम्ही."

मी पोट आत ओढून घेतलं आणि तिरडीच्या मागे चालायला लागलो.