भांडखोर चंद्रभानचा दावा

जयवंताबाई पराते माझ्या कचेरीत आल्या तेव्हा त्यांचा नवरा मागे हसतमुखाने उभा होता. बस म्हटलं, बसला. चहा दिला, प्यायला. या धडधाकट माणसासाठी नुकसानभरपाई मागायची ती कशाची, मला कळेना.

"हेच त दुखणं आहे, वकीलसाहेब," बाई म्हणाल्या. "हा भांडतच नाही."

चंद्रभान म्हणजे गोळीबार चौकाजवळच्या विणकरांच्या कोष्टी गल्लीचं भांडकुदळ तोंड. घराघरांतून मागावरच्या साड्या गोळा करायच्या, गांधीबागेत व्यापाऱ्यांकडे न्यायच्या आणि भाव वाढवून घ्यायला आकाशपाताळ एक करायचं, हा त्याचा धंदा. घरीही तेच. भाजी अळणी झाली की गल्लीला कळायचं. अठ्ठ्याहत्तर साली उमरेड रोडवर ट्रकने त्याची सायकल उडवली आणि डोक्याला जबर मार बसला. दवाखान्यातून परतला तो गरीब गाय होऊन. जखम भरली, चालणं-बोलणं ठीक. गल्लीतल्या बायका जयवंताबाईंना म्हणू लागल्या, नशीब उघडलं तुझं. शेजारच्या यमुताई तर त्या ट्रकवाल्याचा सत्कार करायला निघाल्या होत्या.

ट्रकमालकाच्या वकिलानेही हाच धागा पकडला. कडक इस्त्रीचा, गोड बोलणारा माणूस. मला त्याचा मनापासून राग यायचा. त्याने साक्षीला गल्लीतलाच विणकर आणला, रुपराव. रुपराव खोटं बोलणाऱ्यातला नव्हता.

"चंद्रभान आता देवमाणूस झाला जी," त्याने सांगितलं. "कोणाले उलटून बोलत नाही."

वकील समाधानाने खाली बसला. मी उठलो.

"तुमच्या साड्या अजून चंद्रभानच नेतो का?"

"नाही जी. व्यापारी म्हणन त्या भावात देऊन येते. आमाले परवडत नाही."

"गल्लीतलं दुसरं कोणी त्याला साड्या देतं?"

"कोणीच नाही."

त्यांच्याच साक्षीदाराने त्यांना आडवं केलं होतं. मला नाचावंसं वाटत होतं, पण वकिलाने कोर्टात नाचायचं नसतं. मी गंभीर चेहरा करून बसलो.

मग जयवंताबाई उभ्या राहिल्या. इस्त्रीवाल्या वकिलाने मधाळ आवाजात विचारलं, "घरात शांतता आली, याचं तुम्हाला दुःख आहे का, बाई?"

"मी मुद्दाम भाजीत मीठ टाकत नव्हती साहेब," त्या म्हणाल्या. "म्हटलं, एक दिवस तरी ताट सरकवन. हा जेवत राहिला. पोरगी तापानं फणफणली, तरी हा तसाच हासून राहिला. लोकं म्हणते, तुले देव पावला. नवरा मेला असता त लोकाईनं मले रडू तरी देलं असतं."

जजसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ घातला नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. पोरीचं शिक्षण आणि घरखर्च सुटेल एवढी भरपाई मिळाली. पण बाईंचं तेवढ्याने भागेना. "गल्लीत येऊन निकाल वाचा, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. असली कामं मी करत नाही, तरी गेलो. बाजेवर बसलो, सगळे गोळा झाल्यावर इंग्रजी निकाल मराठीत सांगितला. अपघाताने या माणसाचा स्वभाव नेला, त्याबरोबर त्याचा धंदा गेला आणि बायकोची सोबतही गेली. माणूस शांत झाला म्हणजे बरा झाला, हे कोर्टाला मान्य नाही.

जयवंताबाई पदर खोचून मधोमध उभ्या होत्या. "ऐकलं न सगळ्याईनं?"

चंद्रभान ओट्यावर मुरमुरे खात होता. मग यमुताई उठल्या, जयवंताबाईंजवळ गेल्या आणि त्यांचा हात धरला.

"लय वाईट झालं वं तुयासंग," त्या म्हणाल्या. "आमाले दिसलंच नाही."

अपघात झाल्यापासून त्या घराच्या सांत्वनाला आलेलं हे पहिलं माणूस. जयवंताबाई त्यांच्या गळ्यात पडून मनसोक्त रडल्या. मी पुष्कळ दावे जिंकलो, पण जिंकल्याचा एवढा आनंद मला दुसऱ्या कुठल्याच दिवशी झाला नाही.