सेज ग्रीन

आमच्या हॉलमधल्या स्विचबोर्डाची चौकट सैल झाली आहे. ती जरा सरकवली की भिंतीचे थर दिसतात. सगळ्यात आत गुलाबी, त्यावर मोतिया, मग सोनेरी खवल्यांचं टेक्स्चर, मग राखाडी, आणि सगळ्यात वर केळीच्या पानांचा वॉलपेपर. पाहुणे येणार म्हटल्यावर लोकांच्या घरी पोह्यांची तयारी होते, आमच्या घरी भिंतीची व्हायची. गुलाबीवरचा प्रत्येक थर मुलाच्या लग्नासाठी लावलेला आहे, आणि मुलगा अजून बिनलग्नाचा आहे.

मुलाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, आमच्या गावात, रनाळ्यातच, बसथांब्याजवळ. विहिरीवरची मोटार जळाली की आजूबाजूच्या गावांतले लोक त्याच्याचकडे येतात. दारू नाही, तंबाखू नाही, बोलायला मऊ. पण मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, नोकरी कोठे शे? सुरत म्हणा, पुणं म्हणा, एखाद्या कंपनीत पहारेकरी आहे म्हणा, चालतं. मुलगी गावात द्यायची नाही, एवढं ठरलेलं. मुलाच्या वर्गात होती ती निम्मी पोरं आज अशीच बिनलग्नाची बसून आहेत. गावात वरात निघाली की ही सगळी नाचायला पुढे असतात, आणि मला ते बघवत नाही.

आमच्याकडे बोलणी पुढे सरकण्याआधी मुलीकडचे घर पाहायला येतात. जीपभर माणसं. ओटा पाहतात, पाण्याची टाकी पाहतात, संडास घरात आहे की मागे ते पाहतात, चहा पितात आणि उठताना म्हणतात, "कयाडसूत." म्हणजे, कळवू. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मुलांना काळ शिकवले. भविष्यकाळाचं हे एक रूप मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही, कारण ते कधी घडतच नाही. कोणी कळवत नाही. दारात उभं राहून जीप वळेपर्यंत हसत राहायचं, एवढंच आपल्या हाती.

पहिलं स्थळ असं गेलं तेव्हा मी मध्यस्थाला खनपटीला बसून विचारलं. तो बिचारा काय सांगणार? इकडेतिकडे पाहत म्हणाला, "पोऱ्यामा काही खोट नही, बाई. घर मातर जुनाट वाटस."

बस्स. मी ते धरून ठेवलं. मुलाला मी नोकरी लावू शकत नव्हते, गाव उचलून सुरतेला नेऊ शकत नव्हते, पण भिंत माझ्या हातातली होती. गुलाबी डिस्टेंपर होता त्यावर मोतिया दिला. त्या वेळी मुलगा स्वतः स्टुलावर चढून छताच्या कडेला ब्रश फिरवत होता आणि वरून मला चिडवत होता, "माय, इतला रंग देशी तं नवरी मले सोडी भिंतलेच हार घाली." आम्ही दोघंही खूप हसलो होतो.

मग स्थळामागून स्थळ आलं आणि गेलं. मोबाइलवर घर सजवण्याचे व्हिडिओ बघायचा मला नादच लागला. त्यातल्या बायका एका दुपारीत घर पालटून टाकतात. त्यांच्या घरात कधी धूळ नसते, नवरे खोकत नसतात आणि कोणाचं लग्न अडलेलं नसतं. त्यांनी सांगितलं सोनेरी टेक्स्चर, मी केलं. पुढे त्याच म्हणाल्या, चकचकीत आता कोणी करत नाही, राखाडी करा. मी राखाडी केलं. सगळं घर पावसाळ्यातल्या दुपारीसारखं दिसायला लागलं. आमचे हे दारात उभे राहून म्हणाले, "कोनी मरी गयं का?" पुढचे पाहुणे आले, त्यांनीही बहुधा तेच विचारलं असेल मनात. कयाडसूत.

मुलगा आता स्टुलावर चढत नव्हता. रंगारी आला की दुकानात निघून जायचा, रात्री वास गेल्यावर यायचा. समोरचे केस विरळ झाले होते. मी रंग ताजा करत होते आणि तो माझ्या डोळ्यांदेखत जुना होत होता. हे मला दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच मी आणखी घाई करत होते.

गेल्या वर्षी मी त्याला घेऊन नंदुरबारला गेले. रंगाच्या दुकानाचे शेठ राजस्थानी, पण तीन पिढ्या इथेच वाढलेले. त्यांनी वॉलपेपरची जाडजूड पुस्तकं पुढ्यात टाकली. केळीची पानं निघाली तेव्हा मी नाक मुरडलं. परसात चार खोडं आहेत, भिंतीवर कशाला? पण शेठ म्हणाले सध्या हेच जातंय, आणि व्हिडिओतही मी तेच पाहिलं होतं. मग मुलाच्या खोलीसाठी रंगाचं कार्ड उघडलं. त्यात एका मळकट हिरव्या चौकोनावर त्यांनी बोट ठेवलं. सावलीत वाळवलेल्या मेथीसारखा रंग.

"ये सेज ग्रीन है, बेनजी. आजकल सबके बेडरूम में यही चलता है."

सेज! मी त्या चौकोनाकडे पुन्हा पाहिलं. सेज म्हणजे शेज. नवरा-नवरीची शेज, फुलांनी सजवलेली. किती सुंदर, म्हटलं, रंगाचं नावच शुभ आहे. नवी जोडपी खोलीला हाच रंग देत असणार. मी मुलाकडे वळून हळूच म्हणाले, "सेजना रंग शे, भाऊ. आते बघ." त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मला वाटलं लाजला. आईसमोर शेजेचा विषय निघाल्यावर कोणीही लाजेल. मी शेठना सांगितलं, हाच द्या.

वॉलपेपर लागला तेव्हा आमचे हे म्हणाले, "भितडावर केयी लाई तू. पानी कोन दी?" सोफ्याला मी खरखरीत पांढरं कापड चढवून घेतलं, लोकरीच्या गाठींसारखं, तेही सध्याचंच. रनाळ्याच्या धुळीत पांढरा सोफा! त्यावर जुन्या साड्या अंथरल्या आणि आम्ही तिघं आमच्याच हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसायला लागलो. पडदे जाड सुताचे, मातकट रंगाचे. मुलाच्या खोलीत हिरव्या भिंतीला शोभेल अशी डबल बेडची पांढरी चादर, दोन उशा. सकाळी आवरायला जायची तेव्हा एक उशी चेपलेली असायची आणि दुसरी होती तशी. मी तरी दोन्ही झटकून ठेवायची.

मग कोरीटचं स्थळ आलं. या वेळी मुलगीही सोबत आली, आजकाल येतात. बरोबर तिची आत्या, वडील आणि दोन काका. मी सोफ्यावरच्या साड्या काढल्या. मुलगी आत आली आणि आधी भिंतीपाशीच गेली. पानांवरून हात फिरवला. "कितलं भारी शे वं," असं आत्याला म्हणाली, आणि माझा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत आमच्या भिंतीला कोणी हात लावला नव्हता. तिने मोबाइलमध्ये फोटो काढले. मुलाशी ओट्यावर जाऊन बोलली, चांगली हसत होती. तो नखांतलं मोटारींचं वार्निश निघावं म्हणून सकाळपासून रॉकेलने हात घासत होता, ते हात त्याने मागे धरले होते.

मी दोघींना त्याची खोली दाखवली. आत्याच्या कानात म्हटलं, "सेजना रंग दियेल शे." मुलगी ऐकून खुदकन हसली. लाजली, असं मला वाटलं. निघताना आत्याने विचारलं, वॉलपेपर कुठून घेतला? मी दुकान सांगितलं, शेठना माझी ओळख द्या म्हटलं, शिल्लक राहिलेला तुकडाही दिला, तोच नमुना ओळखू यावा म्हणून. आमची भिंत त्यांच्या घरी गेली तर नातं जुळल्यासारखंच की.

आणि जाताना त्यांनी कयाडसूत म्हटलं नाही. वडील म्हणाले, "येतस." येतो. नुसतं निरोपाचं येतो, कोणीही म्हणतं. पण मी ते तसंच्या तसं खरं धरलं. मुलानेही धरलं असावं, कारण तो दुकानात पुन्हा शिट्टी वाजवायला लागला. नवा शर्ट घेऊन आला. हे देखील बारीकसारीक हिशेब करायला लागले, मांडव ओट्यापुढे घालावा की शाळेच्या मैदानात. घरात इतकं सुख फार वर्षांनी आलं होतं. सोफ्यावर मी पुन्हा साड्या अंथरल्या नाहीत. आज येतील, उद्या येतील.

एका सकाळी मध्यस्थाने फोटो पाठवला. मी चष्मा लावला. तीच मुलगी, डोक्यावर पदर, कपाळावर कुंकू, हातात नारळ. तिच्या मागे केळीची पानं. देवाशपथ सांगते, एक क्षण मला वाटलं की हा आमच्याच हॉलमधला फोटो आहे. मी मान वर करून आमच्या भिंतीकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. तीच पानं, तोच हिरवा. मग शेजारी बसलेला मुलगा दिसला. ओळखीचा नव्हता. खाली मध्यस्थाने लिहिलं होतं, सुरतला कंपनीत आहे, काल साखरपुडा झाला, तुम्हाला कळावं म्हणून.

म्हणजे त्यांनी भिंत पसंत केली होती. पहिल्यांदाच कोणी आमच्या घरातलं काही पसंत केलं होतं, आणि ते उचलून आपल्या घरी नेलं होतं, दुसऱ्या मुलाला त्यापुढे बसवायला. माझी भिंत चांगली होती. घरही आता जुनाट नव्हतं. आता दुरुस्त करायला माझ्या हातात काही उरलं नव्हतं. इतकी वर्षं मी रंगाशी झगडत होते ते बरं होतं. रंगात खोट आहे असं वाटत होतं तोवर आशा होती.

पुट्टी लावायची पत्र्याची पट्टी मागच्या खोलीत पडलेली होती. ती आणली आणि वॉलपेपरच्या कडेत घातली. फाटताना तो फार आवाज करतो. एक पान निघालं, दुसरं निम्मं निघालं, खालून राखाडी दिसायला लागलं, राखाडीच्या टवक्याखालून सोनेरी. आमचे हे दारात आले, पाहिलं आणि ओट्यावर जाऊन बसले. त्यांनी दुकानात निरोप धाडला असावा, कारण थोड्या वेळाने मुलगा आला.

त्याने माझ्या हातातली पट्टी काढून घेतली. फोटो त्यालाही आला होता. मला वाटत होतं चिडेल, रडेल. तो माझ्या केसांत पडलेला कागद वेचत राहिला.

"तुन्ही खोली तरी पांढरी करी टाकू," मी म्हटलं. "कसानी सेज नि कसानं काय. इतला खर्च करी सेजनं नाव बदनाम करं."

"माय," तो म्हणाला, "सेज म्हंजे सेज नही. पाला शे तो. बाहेरना देशमा उगस, आपली तुयशीसारखा. त्या पालाना रंग शे."

मग दुकानातला तो क्षण आठवला, त्याचं उघडून मिटलेलं तोंड. त्या मुलीचं खुदकन हसणंही आठवलं.

"तुले कवयपासून माहीत शे?"

"दुकानमाच. नाव लिखेल व्हतं ना कार्डवर."

"मंग सांगं काब्र नही?"

"तू कितली खूश व्हती," तो म्हणाला. "मले बी वाटनं, ऱ्हाऊ दे. सेजच ऱ्हाऊ दे."

तेव्हा मला रडू फुटलं. माझ्यासाठी नाही. तो रोज त्या खोलीत झोपायला जात होता, तो रंग कशाचा आहे हे माहीत असून, आणि तरीही त्याने स्वतःशी शेजच म्हटलं होतं. त्याने मला थोपटलं, लहान मुलीला थोपटतात तसं. जमिनीवरचे कागद गोळा केले. मग म्हणाला, "रंग ऱ्हाऊ दे, माय. पन आते कोनले घर दखाडू नको."

फाटलेली भिंत आम्ही तशीच ठेवली आहे. सोफ्यावर आता आम्ही बसतो, तो मळला आहे. मुलाच्या खोलीतून मी दुसरी उशी काढली नाही, काढायचा धीर होत नाही.

परवा मध्यस्थाचा फोन आला. आवाज उत्साहाचा होता. विसरवाडीकडचं एक स्थळ आहे, घर पाहायला यायला तयार आहेत, कधी आणू? मुलगा समोर जेवत होता. त्याने मान वर केली नाही, पण त्याचा घास हातातच थांबला.

"कयाडसूत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.